नांदेडचे नरहर कुरुंदकर

आपल्या नांदेड-लातूरकडील ज्या घरांत पुस्तकें वाचलीं जातात, तेथें नरहर कुरुंदकर हें नांव ठाऊक नाहीं असें क्वचितच घडेल. परंतु हा थोर विद्वान् इंटरच्या परीक्षेंत वारंवार नापास झाला होता, ही हकीकत पालक मुलांस सहसा सांगत नाहींत!

त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजीं नांदापूर येथें झाला. बालपण वसमतेस गेलें. पुढें ते शिक्षणासाठीं हैदराबादेस गेले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या भारतांचे अभ्यासक. तेव्हां महाभारताचें वेड भाच्यास घरांतच लागलें म्हणावयाचें. परीक्षा मागें पडली, वाचन मात्र थांबलें नाहीं. १९५५ सालीं ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेंत शिक्षक झाले व १९६३ सालीं पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक; तेथेंच पुढें प्राचार्य.

कथेंतील माणसें वाचावीं कशीं, हें त्यांच्यापासून शिकावें. कर्णावर अन्याय झाला म्हणून त्याच्या अपराधांवर पांघरूण घालणें त्यांस मान्य नव्हतें. उद्योगपर्वांतील गंगातीरचा प्रसंग या दृष्टीनें पाहा. युद्ध तोंडावर आलें असतां कुंती कर्णास भेटून तूं माझा पुत्र आहेस असें सांगते. रंगभूमीवर त्याच्या कुळाची विचारणा झाली त्या दिवशीं ती मूर्च्छित पडली, पण बोलली नाहीं. मग आज ती आली ती आई म्हणून कीं पांडवांची पाठराखीण म्हणून? आमच्या वर्गांत हा प्रश्न निघाला कीं मुलें हटकून दोन पक्षांत वांटलीं जातात. मला तर दोन्ही खरें वाटतें. कर्ण दुर्योधनास सोडीत नाहीं. मात्र अर्जुनावांचून इतर चौघांस न मारण्याचें वचन देतो. येथें आपले डोळे भरून येतात. परंतु द्यूतसभेंत द्रौपदीचें वस्त्र हिरावून घेण्यास दुःशासनास सांगणारा पुरुष हाच, हेंही त्याच क्षणीं आठवावें लागतें. एका डोळ्यानें रडावें व दुसऱ्यानें न्याय करावा, असें हें कठीण वाचन आहे.

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’स कुरुंदकरांची जी दीर्घ प्रस्तावना आहे, तींतही शिवाजी महाराजांकडे पाहतांना भक्ति आणि चिकित्सा अशीं एकत्र नांदतात. मोठ्या मुलांनीं ती अवश्य वाचावी.

१० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस एका समारंभांत व्यासपीठावरच त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांस पन्नासावें वर्ष चालू होतें.