मात्रेचा माणूस

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याला मँगनीजची खाण आहे. तिथला काळा दगड पाहिला, की मला डॉ. जॉर्ज कोट्झिआस आठवतात. क्रीट बेटावर १९१८ साली जन्मलेले, अमेरिकेत नावाजलेले. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर मेंदूला इजा होऊन हातपाय ताठरतात. चिलीच्या खाणकामगारांत त्यांनी हा आजार अभ्यासला.

कंपवातातही अंग असेच जखडते. मेंदूत डोपामाइन कमी पडते. ते भरून काढणारा डोपा इतरांनीही देऊन पाहिला होता, पण ओकाऱ्यांपुढे मात्रा वाढत नसे. कोट्झिआस ती धीराने, कणाकणाने वाढवत गेले. १९६७ साली त्यांचा अहवाल आला. जखडलेली माणसे हिंडूफिरू लागली होती!

पुढे कळले, की नुसत्या लेव्होडोपाबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी घेतली, तर औषध मेंदूत पोचण्याआधीच शरीरात खर्च होते. कार्बिडोपा जोडीला दिले, की ही उधळपट्टी थांबते आणि कमी मात्रा पुरते. या जोडीवरही कोट्झिआस यांनी काम केले. १९७७ साली ते गेले.

माझ्या थोरल्या बंधूंना कंपवात. परवा त्यांच्या उशाशी कवचबीजाचे चूर्ण दिसले, म्हणे स्मरणशक्तीसाठी. खाजकुहिलीच्या या बियांत लेव्होडोपाच असतो. मद्रासमध्ये १९३७ सालीच तो वेगळा काढला होता. म्हणजे मात्रा गुपचूप वाढलेली. दुसऱ्या शाखेतली उचल लपवणाऱ्या कर्जदारापायी बँकेत आमचा हिशेब असाच चुके. डबी आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी त्यांना डॉक्टरांकडे नेले.