विश्लेषण : सेरेब्रल पाल्सी आणि फ्रॉइड यांचा संबंध काय?

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड मूळचे मज्जासंस्थेचे डॉक्टर. स्वप्नांच्या अभ्यासातून जगप्रसिद्ध होण्याआधी त्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक मुले तपासली होती.

फ्रॉइड या मुलांपर्यंत कसे पोहोचले?

१८५६ मध्ये मोराव्हियातील फ्रायबर्ग येथे (आज चेक प्रजासत्ताकात) त्यांचा जन्म झाला. बालपणीच कुटुंब व्हिएन्नाला आले. १८८१ मध्ये वैद्यकीय पदवी आणि पुढे पॅरिसमध्ये शार्को यांच्याकडे अनुभव घेऊन १८८६ मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्याच काळात मॅक्स कासोविट्झ यांच्या बालरोग संस्थेत मज्जाविकार विभाग त्यांनी सांभाळला. तेथील रुग्णांच्या आधारे १८९१, १८९३ आणि १८९७ मध्ये त्यांचे ग्रंथ आले.

मतभेद कशावर होता?

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये मुलांच्या ताठर हातापायांचा संबंध अवघड बाळंतपण आणि जन्मतः कोंडलेला श्वास यांच्याशी जोडला होता. फ्रॉइड यांनी वेगळी शक्यता मांडली : गर्भातच मेंदूच्या वाढीत बिघाड झाला असेल, तर अवघड बाळंतपण हे कारण नसून त्याच बिघाडाचे लक्षण असू शकते. हे मत बराच काळ मागे पडले.

पुढे काय झाले?

१९८६ मध्ये अमेरिकेत हजारो जन्मांच्या नोंदी तपासल्यावर, जन्मावेळी श्वास कोंडणे हे थोड्याच मुलांत कारण असल्याचे दिसले. ते कारण खोटे नाही. पण अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी कारणेही आहेत. नाझी छळामुळे १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडलेले फ्रॉइड १९३९ मध्ये लंडनमध्ये वारले. हा कौल त्यांना पाहता आला नाही.

पालकांसाठी याचा अर्थ काय?

बाळंतपणात आईचेच काही चुकले, हा ठपका बहुतेक वेळा निराधार असतो. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण स्नायूंचा ताठरपणा वाढू शकतो. म्हणून बाळ मान उशिरा धरत असेल, अंग ताठ किंवा फार सैल वाटत असेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर थांबू नये. लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी उपयोगी ठरते.