आनंदीबाईंचा प्रबंध आणि अडलेली बाळंतीण

अलिबाग कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, त्या काळात पोस्ट खात्यातले गोपाळराव जोशी कल्याणहून तिथे बदलून आले. बरोबर त्यांची बायको होती. माहेरची यमुना, सासरची आनंदी. १८७४ मध्ये लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि गोपाळराव तिच्याहून बरेच मोठे, बिजवर. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. शिकवताना त्यांचा हातही उठत असे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण नवऱ्याला करून दिली. गोपाळरावांचे कौतुक करताना ही गोष्ट गाळण्याचे कारण नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदी बाळंत झाली. मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला. वैद्यकीय मदत जवळ नव्हती. त्या काळी बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडी आणि सुईण. सुईण अनुभवी असली तर बऱ्याच बायका सुटत. पण बाळ अडले की तिच्या हातात फारसे काही उरत नसे, आणि पुरुष डॉक्टरला खोलीत येऊ देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका होत्या. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतल्या कॉलेजला प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, त्यात नेमके हेच कारण दिले होते.

१८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला त्यांनी इंग्रजीतून भाषण करून आपण का जातो आहोत ते सांगितले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. नवरा बरोबर नव्हता. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांनी नाव घातले, १८८६च्या ११ मार्चला पदवी घेतली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि महाराणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा निरोप आला.

एवढे पुष्कळांना ठाऊक असते. प्रबंधाचा विषय मात्र सहसा सांगितला जात नाही. तो होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. क्षयावर, कॉलऱ्यावर, डोळ्यांवर, कशावरही लिहिता आले असते. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने बाळंतपण निवडले. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके अशा दोन्हींचा आधार घेतला.

त्या जुन्या ग्रंथांत काय आहे ते पाहण्याजोगे आहे. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटले आहे, आणि तो कसा अडकतो त्यावरून कील, प्रतिखुर, बीजक, परिघ असे प्रकार सांगितले आहेत. परिघ म्हणजे दाराला आडवा घातलेला अडसर, तसे आडवे बाळ. उपचार सांगताना ग्रंथकार हात आखडता घेतो. हे काम अवघड आहे, आधी अधिपतीला विचारा, मगच हात घाला, आणि गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवू नका. आई दगावली आणि पोटात हालचाल दिसली, तर पोट उघडून बाळ काढावे असेही त्यात आहे. याच ग्रंथात आणखी एक इशारा आहे. सोळा वर्षांखालच्या मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच जातो, जन्मला तरी फार जगत नाही, जगला तर दुबळा राहतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने लावणाऱ्या समाजाच्याच ग्रंथात हे लिहिलेले होते. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले, तेव्हा भांडण दहाचे वय बारा करण्यावर होते.

सुश्रुताचा सोळा वर्षांचा आकडा शरीरशास्त्राला धरून आहे. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची लवकरच थांबत येते, पण ओटीपोटाची हाडांची चौकट, जिच्यातून बाळाचे डोके उतरायचे असते, ती पुढची काही वर्षे रुंदावत राहते. म्हणून चौदा वर्षांच्या आईला अडीच किलोचे बाळही मोठे ठरू शकते, आणि भरल्या बांध्याच्या तीस वर्षांच्या बाईचे चार किलोचे बाळ अलगद बाहेर येते. बाळ मोठे आहे या वाक्याला आईच्या मापाशिवाय अर्थ नाही.

हे न जुळण्याचे दुःख राजवाड्यालाही चुकले नाही. १८१७ साली इंग्लंडची राजकन्या शार्लट पन्नास तास कळा देत होती. डॉक्टर रिचर्ड क्रॉफ्ट शेजारी होते, चिमटाही हाताशी होता, पण निसर्गावर सोपवावे ही त्या काळची रीत क्रॉफ्ट यांनी पाळली. नऊ पौंडांचे, म्हणजे चार किलोंच्या वरचे बाळ मृत जन्मले आणि काही तासांत राजकन्याही गेली. क्रॉफ्ट यांनी पुढे स्वतःला गोळी घातली. गादीला वारस उरला नाही म्हणून शार्लटच्या काकांनी घाईने लग्ने केली आणि त्यातल्या एका लग्नातून व्हिक्टोरिया जन्मली. आनंदीबाईंना निरोप धाडणारी महाराणी गादीवर आली ती अशा एका अडलेल्या बाळंतपणामुळे.

आनंदीबाई शिकत होत्या तेव्हाही डॉक्टरांपुढचे पर्याय फार बरे नव्हते. चिमटा लावायचा, पोटात हात घालून बाळ फिरवायचे, नाहीतर आईला वाचवण्यासाठी बाळाचे डोके फोडायचे. सिझेरियन म्हणजे बहुतेक वेळा आईचा मृत्यू, कारण गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धत नव्हती. इटलीत पोरो यांनी १८७६ मध्ये गर्भाशयच काढून आई वाचवली. लाइपझिगच्या मॅक्स सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची रीत १८८२ मध्ये मांडली, आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या आदल्या वर्षी. त्यांच्या कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. ॲना ब्रूमॉल व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकून आलेल्या होत्या. गर्भारपणातच बाईला तपासत राहावे हा आग्रह धरणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते.

त्या तपासणीचीच आज सर्वाधिक मदत होते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बाईला नवव्या महिन्यात सोनोग्राफीवर चार किलोचे बाळ सांगितले, तर घरात घबराट होते आणि तारीख ठरवून पोट फाडून घ्यायची घाई होते. पण सोनोग्राफी बाळाला तागडीत घालत नाही, मोजमापांवरून अंदाज करते. तो दहा टक्के, कधी त्याहून जास्त चुकतो. म्हणजे सांगितलेले चार किलो प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास किंवा साडेचारच्या जवळ निघू शकते. आईला मधुमेह नसेल तर केवळ वजनासाठी ठरवून सिझेरियन करण्याचा विचार साधारण पाच किलोंच्या अंदाजाला करतात, मधुमेह असेल तर साडेचारला. त्याखाली कळांची वाट पाहणे किंवा अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांच्या सुमारास कळा आणणे असे दोन मार्ग उरतात. आईची उंची आणि बांधा, मागच्या बाळंतपणात काय झाले, साखर किती, डोके खाली उतरते आहे का, हे पाहून त्यातला एक निवडायचा. आपल्याकडच्या ठेंगण्या बायकांच्या बाबतीत परदेशी आकडे आंधळेपणाने लावता येत नाहीत, हेही खरे.

भीती असते ती खांदा अडकण्याची. डोके बाहेर येते आणि खांदा पुढच्या हाडामागे अडतो. मिनिटे मोजकीच असतात. शिकलेली नर्स बाईचे दोन्ही पाय दुमडून पोटाशी नेते, दुसरी हाडाच्या वर दाब देते, आणि बहुतेक बाळे सुटतात. वरून पोट दाबणे मात्र घातक. अशा घटनांपैकी जवळपास निम्म्या चार किलोंहून लहान बाळांत होतात, आणि बहुतेक मोठ्या बाळांत होतच नाहीत. म्हणून खोलीत ही हातोटी असलेले माणूस आहे का, हा प्रश्न वजनाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. सिझेरियनही फुकट मिळत नाही. रक्तस्राव जास्त होतो, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा धोका राहतो. तरी ते लागेलच असे दिसत असेल, तर उशीर करण्यात शहाणपण नाही.

बाळ फार मोठे होण्याच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गर्भारपणातला मधुमेह पुढे आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात, १४० किंवा वर आली तर उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा. बाळ मोठे होईल म्हणून गर्भारणीला अर्धपोटी ठेवणारी घरे अजून आहेत. साखर ठीक असताना असे करून बाळ सोपे होत नाही, आईचे रक्त मात्र कमी होते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत किनाऱ्यावर पक्की आहे. पोर आठव्या महिन्यात मुरूडला किंवा दिवेआगरला येते, आणि कागद मुंबईच्या डॉक्टरकडे राहतात. साखरेचा रिपोर्ट नाही, आधीच्या सोनोग्राफ्या नाहीत. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, घाटवळणाच्या रस्त्याला वेळ लागतो. अडल्यावर निघण्यापेक्षा तारखेच्या आधी आठवडाभर शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ नातलगांकडे मुक्काम हलवलेला बरा, आणि फाइल पिशवीत आधी टाकावी.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रीकक्षाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केलेली होती. १८८६च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने पोखरल्या होत्या. कॉख यांनी क्षयाचा जंतू चार वर्षांपूर्वीच दाखवला होता, पण त्यावरचे पहिले गुणकारी औषध यायला आणखी साठाच्या आसपास वर्षे होती. १८८७च्या २६ फेब्रुवारीला पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्यांना एकही बाळंतपण करता आले नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.