दहा वर्षांचं गाणं एका वर्षात

रोज सकाळी ट्रेनमध्ये माझ्या कानात इअरफोन असतात आणि ओठ हलत असतात. मी लॅटिन शिकतोय, तेही ऐकून. ऑडिओवर एक वाक्य येतं, मग थोडी शांतता, तेवढ्यात आपण ते म्हणायचं. शब्द तोंडात बसले की तीच ओळ ग्रेगोरियन चालीत. वाद्यांची साथ नाही, ठेका नाही, सगळ्यांचा मिळून एकच सूर. लहानपणी आजीच्या मागून रामरक्षा म्हणायचो, अगदी तसंच. फक्त एक पंचाईत आहे. जे ऐकलेलं नाही, ते गाता येत नाही.

हीच पंचाईत हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या एका साधूला खटकली होती. त्याचं नाव ग्विदो. आम्हा कोडिंगवाल्यांना ग्विदो म्हटलं की पायथन भाषेचा जनक आठवतो, पण हा फार आधीचा.

ग्विदोचा जन्म इ.स. 990 च्या सुमारास झाला. पो नदीच्या मुखाजवळ पोम्पोझा इथे बेनेडिक्टाइन पंथाचा मठ होता. तिथे तो राहायचा आणि गाणं शिकवायचा. मठात दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थना, त्यामुळे वर्षभराची ढीगभर स्तोत्रं पाठ लागायची. पोथीत शब्दांच्या वर खुणा असत, पण त्यांवरून सूर चढतो की उतरतो एवढंच कळे. किती चढतो, ते गुरूनेच गाऊन दाखवायचं. दहा वर्षं घासूनही गायकाला नवीन चाल स्वतःहून पोथीतून उचलता येत नसे.

ग्विदोने आडव्या रेषा आखल्या आणि स्वरांच्या खुणा त्या रेषांवर आणि मधल्या जागांत बसवल्या. एक रेष लाल, एक पिवळी, म्हणजे कुठला स्वर कुठे आहे ते रंगावरून कळावं. मुलं कधीही न ऐकलेली चाल बघून गाऊ लागली.

कौतुक व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. मठातल्या सोबत्यांना त्याचा हेवा वाटू लागला, मठाधिपतीनेही त्यांचीच बाजू घेतली आणि ग्विदोला आपला मठ सोडावा लागला. इ.स. 1025 च्या सुमारास तो आरेत्झो शहरात आला. तिथल्या बिशप थिओडाल्डने त्याला आसरा दिला आणि कॅथेड्रलच्या गायकांना शिकवायचं काम सोपवलं. ‘मिक्रोलोगस’ हा त्याचा ग्रंथ तिथलाच.

पुढे पोप जॉन एकोणिसाव्याच्या कानावर ही कीर्ती गेली. त्याने तीन दूत पाठवून ग्विदोला रोमला बोलावलं. पोपने ती रेषांची पोथी चाळली आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत जागचा हलला नाही! रोमचा दमट उन्हाळा मात्र ग्विदोला सोसला नाही. आजारी पडून तो लवकरच निघाला. पण त्याच मुक्कामात पोम्पोझाचा मठाधिपती त्याला भेटला. पोथी पाहून त्याला आपली चूक उमगली आणि त्याने ग्विदोला परत यायचा आग्रह केला.

हे सगळं ग्विदोने मिखाएल या जुन्या मठबंधूला पत्रात कळवलं. न फुटणारी काच बनवली म्हणून जीव गमावलेल्या कारागिराची गोष्ट सांगून त्याने स्वतःची तुलना त्याच्याशी केली. मनातली सल गेली नव्हती. तरी त्याच पत्रात त्याने आपली युक्ती मोकळेपणाने सांगून टाकली. संत योहानाच्या एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. त्या सहा ओळींची पहिली अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्र पक्कं पाठ करायचं, मग नवीन खूण दिसली की ती कुठल्या ओळीच्या आरंभाशी जुळते ते मनात ताडून बघायचं. दहा वर्षांचं काम एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होईल, असं त्याचं म्हणणं होतं. ‘उत’चा ‘दो’ पुढे सतराव्या शतकात झाला.

आपली सरगम याहून कितीतरी जुनी आहे, पण ग्विदोचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत वाटतं. त्याने पाठांतर मोडीत काढलं नाही. एकच स्तोत्र कानात पक्कं बसवलं आणि त्याच्या जोरावर शिष्याला गुरूशिवाय गायला मोकळं केलं. ज्या घराने बाहेर काढलं, तिथल्याच मित्राला ही किल्ली दिली.

गेल्या आठवड्यात मी ऑडिओ बंद ठेवला, स्वरलिपीचं पान उघडलं आणि एक नवीन ओळ आधी स्वतः गाऊन पाहिली. मग रेकॉर्डिंग लावलं. दोन स्वर चुकले होते, बाकी जुळले.