हकीम जालिनूस

हैदराबादेत चारमिनाराच्या आसपास युनानी औषधांच्या ज्या पेढ्या आहेत, तेथे पोटाच्या विकारांवर 'जवारिश जालिनूस' या नावाचा एक पाक मिळतो. आमच्या मंडळींपैकी कित्येकांच्या फडताळात त्याची डबी असेल. परंतु ज्याचे नाव त्या डबीवर आहे तो जालिनूस कोण, कोठला, हे विचारले तर बहुतेक जण तो कोणी अरबी किंवा इराणी हकीम असावा असे सांगतील. वस्तुतः तो अरब नव्हे आणि इराणीही नव्हे. तो जातीचा ग्रीक, रोमच्या बादशहाचा वैद्य, आणि आजपासून सुमारे अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला. ग्रीक लोक त्यास गॅलेनॉस म्हणत, इंग्रजीत त्याचे गॅलेन झाले, आणि अरबांच्या तोंडी जालिनूस.

त्याचे चरित्र येथे देण्याचे कारण निराळे आहे. आमचे घर पुजाऱ्याचे. पहाटे देऊळ उघडण्यापूर्वीच कोणी ना कोणी रात्री पडलेले स्वप्न घेऊन ओट्यावर येऊन बसलेले आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. कोणाची पाठ महिनोन् महिने दुखत असते, कोणाची झोप उडालेली असते. स्वप्नात अमुक दिसले, तर दवाखान्याचे औषध सोडावे की चालू ठेवावे, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न जालिनूसासमोर आयुष्यभर होता. रोग्यांच्या बाबतीत होता आणि स्वतःच्या देहाच्या बाबतीतही होता.

इ. स. 129 मध्ये आशियामायनरातील पर्गामम या शहरी त्याचा जन्म झाला. हे शहर आज तुर्कस्थानात असून त्यास बेर्गामा म्हणतात. पिता निकॉन हा स्थापत्य व भूमिती यांत निष्णात, सधन आणि अत्यंत शांत स्वभावाचा गृहस्थ होता. माता मात्र भारी कोपिष्ट; रागाच्या भरात ती दासींना चावे घेई आणि पतीशी अखंड भांडे, असे पुत्रानेच लिहून ठेवले आहे. आईविषयी असे लिहावे हे आम्हांस रुचत नाही. पण बापाच्या शांतीचे अनुकरण करावे आणि आईच्या क्रोधापासून दूर पळावे, हा निश्चय आपण बालपणीच केला, असे त्याचे म्हणणे आहे. पुढील आयुष्यात प्रतिपक्षी वैद्यांवर त्याने जी आग पाखडली ती वाचली म्हणजे मातेचा वारसा अगदीच सुटला नव्हता असे दिसते.

पर्गाममच्या वेशीबाहेर आस्क्लेपिअस या वैद्यदेवाचे मोठे क्षेत्र होते. तेथे झरा होता, स्नानगृहे होती, नाट्यगृह होते, ग्रंथालयही होते. दूरदूरचे रोगी येत, स्नान करून शुचिर्भूत होत आणि देवाच्या आवारात रात्री निजत. झोपेत देव दर्शन देऊन उपाय सांगतो अशी श्रद्धा होती. उपायही नाना प्रकारचे असत : कोणास थंड पाण्याचे स्नान, कोणास उपवास, कोणास अनवाणी धावणे. जालिनूस लहान असताना आरिस्टायडीज नावाचा प्रसिद्ध वक्ता याच क्षेत्री दोन वर्षे राहिला आणि आपल्या स्वप्नांची त्याने टिपणे ठेवली. देह दुबळा परंतु मन बळकट अशा माणसांत जालिनूसाने पुढे त्याची गणना केली.

मुलाने तत्त्वज्ञ व्हावे अशी बापाची इच्छा होती. चौदाव्या वर्षापासून त्यास निरनिराळ्या पंथांच्या आचार्यांकडे धाडले जाई. परंतु मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना निकॉनला स्वप्न पडले व त्यात मुलास वैद्यकही शिकवावे असा आदेश झाला. त्याने तो मानला. दोन-तीन वर्षांत निकॉन वारला. मागे संपत्ती होती. तरुण जालिनूस विद्येसाठी बाहेर पडला आणि स्मिर्ना, कॉरिंथ व शेवटी अलेक्झांड्रिया येथे राहून 157 साली घरी परतला.

या काळात त्याची स्वतःची प्रकृती बरी नव्हती. बाप असेपर्यंत खाण्यापिण्यावर त्याची नजर असे. ती सुटल्यावर मित्रांच्या संगतीत मुलाने हंगामी फळांवर ताव मारावा आणि दरसाल आजारी पडावे, असा क्रम चालला. अखेर यकृत आणि श्वासपटल जेथे मिळतात तेथे गळू होऊन प्राणांवर बेतले. त्या जागेच्या वेदनेने तो त्रस्त असताना त्यास स्वप्न पडले, आणि तेच पुन्हा एकदा पडले : उजव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांमधील रोहिणी कापावी. त्याने ती कापली आणि रक्त आपोआप थांबेपर्यंत वाहू दिले. ते एक रत्तलही भरले नाही. वेदना तत्काळ थांबली. पर्गाममच्याच एका देवसेवकाची जुनाट बरगडीदुखी अशाच स्वप्नातील आज्ञेने, हातालाच छेद घेऊन, गेल्याचेही त्याने नमूद केले आहे. तेव्हापासून तो स्वतःस आस्क्लेपिअसाचा सेवक म्हणवू लागला.

येथे वाचकांनी घाई करू नये. रोहिणी कापणे ही जिवावरची गोष्ट आहे आणि रक्त काढल्याने गळू बरे होत नाही, हे आजच्या वैद्यकास पक्के ठाऊक आहे. जालिनूसाने तरी केवळ स्वप्नावर भिस्त ठेवली होती असे नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने हंगामी फळे वर्ज्य केली, पिकलेली अंजिरे आणि द्राक्षे एवढीच ठेवली, व्यायाम आणि झोप यांचे नियम बांधून घेतले. पुढे अतिश्रमाने क्वचित एखादा दिवस येणाऱ्या तापापलीकडे आपणास आजार झाला नाही असे तो लिहितो. गुण स्वप्नाचा की पथ्याचा, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांस पथ्याचा पक्ष बळकट दिसतो.

पर्गामम येथे परतल्यावर तेथील मुख्य पुरोहिताने त्यास आखाड्यात शस्त्रांनी झुंजणाऱ्या मल्लांचा वैद्य नेमले. हे लोक लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांस भोसकीत. त्यांच्या जखमांवर तो द्राक्षासवात भिजवलेल्या पट्ट्या बांधी आणि त्या रात्रंदिवस ओल्या ठेवी. पूर्वीच्या वैद्यांच्या मानाने त्याच्या हातून फारच थोडे दगावले. उघड्या जखमांतून स्नायू, शिरा व मज्जातंतू पाहण्याची संधी त्यास येथे मिळाली. कारण त्या काळी मनुष्याचे शव फाडणे निषिद्ध होते व त्यास माकडे आणि डुकरे यांवरच अभ्यास करावा लागे. यामुळे त्याच्या शारीरात अनेक चुका राहिल्या. रक्त यकृतात तयार होते व हृदयाच्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, ही त्याची समजूत शेकडो वर्षे प्रमाण मानली गेली. त्याच्या शारीरातील चुका व्हेसेलियसने 1543 मध्ये दाखविल्या आणि रक्ताभिसरणाचा खरा प्रकार हार्वेने 1628 मध्ये सिद्ध केला.

162 साली तो रोमला गेला व अल्पावधीत त्याचा बोलबाला झाला. तेथील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सीरियातून आलेल्या पॉसेनियस नावाच्या पंडिताच्या डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. वैद्य बोटांवर लेपांमागून लेप चढवीत होते. गुण येत नव्हता. जालिनूसाने त्या बोटांकडे पाहण्यापूर्वी रोग्याची सारी हकीकत विचारली. पूर्वी कोठे मार लागला होता काय, असे खोदून विचारता तो रथातून पडून पाठीचा वरचा भाग दगडावर आपटल्याचे निघाले. तेव्हा मानेच्या सातव्या मणक्याखालून निघणाऱ्या तंतूस इजा झाली आहे हे त्याने ओळखले, बोटांवरचे तेच लेप उचलून पाठीच्या कण्यावर लावविले आणि रोगी बरा झाला. लेपात किती गुण होता हे सोडून द्या; पण दुखते एकीकडे आणि दुखण्याचे मूळ दुसरीकडे, हे त्याने रोग्याचे बोलणे ऐकून काढले.

दुसरी गोष्ट जस्टस नामक गृहस्थाच्या पत्नीची. तिला रात्री झोप नसे, ताप नव्हता, आणि विचारल्यास ती उत्तर देईना. एके दिवशी जालिनूस तिच्याजवळ असताना कोणीतरी बाहेरून आले व पिलाडीज या नर्तकाचे नृत्य पाहून आलो असे सहज बोलले. तत्क्षणी तिच्या मुखाचा रंग पालटला व नाडी विस्कळीत झाली. पुढील दिवसांत त्याने मुद्दाम दुसऱ्या नर्तकांची नावे काढवून पाहिली, नाडी शांत. पुन्हा पिलाडीजचे नाव निघताच नाडी उसळली. आजार देहाचा नव्हता.

वेदनेसंबंधी त्याने पुष्कळ लिहिले. वेदना दोन कारणांनी होते, असे त्याचे मत : शरीराच्या प्रकृतीत एकाएकी पालट झाल्याने, किंवा जे अखंड आहे ते तुटल्याने. ठणका, जडपणा, ताण आणि टोचणी असे भेद तो मानी. एका पूर्वीच्या वैद्याने वेदनांना जी अवघड विशेषणे दिली होती त्यांची त्याने यथेच्छ टर उडविली, कारण कोणा रोग्याच्या तोंडी तसे शब्द येत नाहीत. स्वतःची फजितीही त्याने लपविली नाही. एकदा त्याच्या पोटात गिरमिटाने भोक पाडावे तशी कळ आली. मुतखडा अडकला आहे अशी त्याची खात्री झाली. परंतु सताप वनस्पतीच्या तेलाचा बस्ती घेताच काचेसारखा द्रव पडून कळ थांबली. आतड्याचा विकार आपण मूत्रमार्गाचा समजलो, हे त्याने शिष्यांच्या उपयोगासाठी लिहून ठेवले. अफूविषयी तो फार जपून असे. अफू वेदना हरीत नाही, केवळ संवेदना बधिर करते, आणि वेदनेनेच रोग्याचा प्राण जाण्याची भीती असेल तेव्हाच ती द्यावी, असा त्याचा दंडक होता.

त्याची परीक्षा खुद्द बादशहापाशी झाली. मार्कस ऑरेलियस विषबाधेवरचे थेरिआक नावाचे बहुद्रव्यी औषध रोज घेत असे, व त्यात अफू आणि सर्पाचे मांस असे. दिवसा कामकाजात झापड येऊ लागली म्हणून बादशहाने अफू काढविली, तर रात्रीची झोप गेली. शेवटी अफू पुन्हा घालावी लागली; मात्र औषध जुने करून, म्हणजे तिचा जोर ओसरल्यावर, दिले जाई.

याच बादशहाने जर्मन सरहद्दीवरच्या युद्धास आपणाबरोबर चलण्याची आज्ञा केली तेव्हा जालिनूसाने, आस्क्लेपिअसाने स्वप्नात मनाई केली आहे, असे कळविले. बादशहाने ते मान्य करून त्यास राजपुत्राजवळ रोममध्येच ठेविले. हे स्वप्न मोठे सोयीचे पडले असे कोणास वाटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

स्वप्नांवर त्याचे म्हणून एक लहानसे प्रकरण उपलब्ध आहे. त्यात निद्रेत मन देहाच्या आत शिरते व तेथील धातूंची स्थिती चित्ररूपाने पाहते, असा विचार आहे. आग दिसली तर पिवळे पित्त वाढलेले, धूर किंवा दाट अंधार दिसला तर काळे पित्त, पाऊस दिसला तर थंड ओलावा, बर्फ व गारा दिसल्या तर थंड कफ. एका मल्लास आपण रक्ताच्या टाक्यात उभे आहोत व कसेबसे डोके वर काढीत आहोत असे दिसले. त्यावरून त्याच्या शरीरात रक्त फाजील झाल्याचे अनुमान निघाले. दुसऱ्या एकास आपला पाय दगडाचा झालेला दिसला. शकुन सांगणाऱ्यांनी त्याचा संबंध गुलामांशी लावला, पण पुढे तो पायच लुळा पडला. मात्र हे निदान सोपे नव्हे, कारण पुष्कळ स्वप्ने दिवसाच्या विचारांची व सवयींचीच असतात आणि काही भविष्यसूचकही असतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. वाचकांस येथे चरकाचे स्मरण होईल. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले असून पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले व कल्पिलेले यांहून दोषज, म्हणजे वातादी दोषांमुळे पडणारे, स्वप्न निराळे काढले आहे.

आम्हांस विशेष वाटले ते याच्याही पुढचे. देवाच्या आज्ञेवरून रोगी पंधरा पंधरा दिवस पाणी पीत नाहीत, आणि वैद्याने तेच सांगितले तर ऐकत नाहीत, हे त्याने पाहिले होते. ज्यांचे मन विकारांनी तापले आहे अशांस आस्क्लेपिअस गीते रचावयास, विनोदी सोंगे लिहावयास सांगे, कित्येकांस शिकार व घोडदौड नेमून देई, याचा दाखला त्याने आपल्या आरोग्यग्रंथात दिला आहे. हवा, अन्नपान, निद्रा व जागरण, श्रम व विसावा, मलविसर्जन आणि मनाचे विकार, ही सहा ज्याची ठीक त्याचे आरोग्य ठीक, ही मांडणी त्याच्याच लेखनावरून पुढील वैद्यांनी केली. नवव्या शतकात बगदादेत हुनैन इब्न इसहाकने त्याचे ग्रंथ भाषांतरित केले, त्यांवर इब्न सीनाने आपली इमारत उभारली, आणि त्या वाटेने ही सहा कारणे युनानी हकिमांबरोबर आमच्या दख्खनेत आली. स्वप्न ऐकून घ्यावे आणि औषधही सोडू नये, असे आमचे वडील ओट्यावर आलेल्यांस सांगत. त्यांनी जालिनूसाचे नाव ऐकलेले नव्हते.

192 साली रोममध्ये मोठी आग लागली व पवित्र मार्गावरील कोठारे जळाली. त्यांत जालिनूसाचे ग्रंथ, औषधांच्या कृती, दालचिनीचा साठा, सोन्यारुप्याची भांडी असे सर्व गेले. ग्रंथांच्या प्रती पर्गाममला व गावच्या घरी पाठविण्याचे काम चालूच होते. थोडे महिने मिळते तर बरेच वाचले असते. एवढे होऊनही तो खचला कसा नाही, हे एका मित्राने विचारले, आणि त्यास उत्तर म्हणून त्याने एक दीर्घ पत्र लिहिले. ते शतकानुशतके हरवले होते. 2005 मध्ये ग्रीसमधील थेस्सलोनिकी येथल्या व्लाताडॉन मठात एका फ्रेंच संशोधकास त्याचे हस्तलिखित सापडले. त्यात बापाच्या शिकवणीचा त्याने मोठ्या कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. पण कोणतेही दुःख आपण सोसू अशी प्रौढी मिरविलेली नाही. उपासमार व थंडी होईपर्यंत द्रव्य गेले तर चालणार नाही, आणि शरीरवेदना मित्राशी बोलता येईल किंवा कोणी ग्रंथ वाचीत असता अर्थ कळेल इतपतच असावी, असे तो सरळ सांगतो. अरबी परंपरेप्रमाणे तो सत्त्याऐंशी वर्षे जगला. त्या हिशेबाने त्याचा मृत्यू 216 च्या सुमारास झाला.