टायको ब्राहे

टायको ब्राहे (१४ डिसेंबर, १५४६ - २४ ऑक्टोबर, १६०१) हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बीण प्रचारात येण्यापूर्वी ग्रहस्थानांची सर्वांत अचूक व सलग मोजमापे त्यांनी केली.

त्यांचा जन्म स्कोने प्रांतात एका सरदार घराण्यात झाला. हा प्रांत तेव्हा डेन्मार्कमध्ये होता, आता तो स्वीडनमध्ये आहे. लाइपझिग येथे कायद्याचे शिक्षण घेताना ते रात्री गुपचूप आकाश पाहत. ऑगस्ट १५६३ मध्ये गुरू व शनी यांची युती झाली. जुन्या आल्फोन्सी सारण्यांचे भाकीत सुमारे महिनाभराने, तर कोपर्निकसच्या गणितावर आधारलेल्या सारण्यांचे काही दिवसांनी चुकले. ग्रहांची स्थाने वर्षानुवर्षे मोजल्याखेरीज सारण्या सुधारणार नाहीत, हे सोळा वर्षांच्या टायकोंनी ओळखले. १५६६ मध्ये द्वंद्वयुद्धात त्यांच्या नाकाचा भाग कापला गेला. दुर्दैवाने ही हकीकतच त्यांच्या कार्यापेक्षा अधिक सांगितली जाते.

१५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दिसलेला नवा तारा चंद्राच्या पलीकडे असल्याचे दाखवून त्यांनी कीर्ती मिळवली. राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ मध्ये त्यांना ह्वेन बेट दिले. तेथे त्यांनी उरानिबोर्ग ही वेधशाळा उभारली. वाऱ्याने यंत्रे हलू नयेत म्हणून दुसरी वेधशाळा अंशतः जमिनीखाली बांधली. यंत्रांना भिंगे नव्हती. फटींतून ग्रह नेमका दिसेपर्यंत पट्टी फिरवून कोन वाचला जाई. वातावरणामुळे होणाऱ्या प्रकाशाच्या वक्रीभवनाचाही हिशेब ठेवला जाई. उत्तम वेधांतील चूक एक-दोन कलांची असे. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सुमारे ३० कला भरतो.

ताऱ्यांचा वार्षिक पराशय आढळत नसल्याने पृथ्वी स्थिर आहे, असे ते मानत. त्यांच्या प्रतिमानात सूर्य पृथ्वीभोवती आणि इतर ग्रह सूर्याभोवती फिरत.

नव्या राजाशी बिनसल्यामुळे १५९७ मध्ये त्यांनी डेन्मार्क सोडला. १५९९ मध्ये ते प्राग येथे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयास गेले. पुढच्या वर्षी आलेल्या योहानेस केप्लर यांच्याकडे त्यांनी मंगळाचा प्रश्न सोपवला. टायकोंच्या मृत्यूनंतर वेधांच्या नोंदींवरून वारसदार व केप्लर यांच्यात वाद झाला. वर्तुळाकार मार्ग धरून केलेले गणित या नोंदींशी ८ कलांनी जुळेना. एवढी चूक टायकोंच्या हातून होणे शक्य नाही, असे मानून केप्लर यांनी वर्तुळ सोडले. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे त्यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. या नव्या मांडणीत टायकोंच्या स्थिर पृथ्वीला जागा नव्हती.