हिमालयापलीकडच्या पोथ्या : महापंडित राहुल सांकृत्यायन

बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदेची ग्रंथालये भस्मसात झाली आणि आपल्या आचार्यांचे असंख्य ग्रंथ याच भूमीत नामशेष झाले. दिङ्नाग, धर्मकीर्ती, वसुबंधू ही नावे उरली, परंतु त्यांची मूळ संस्कृत वचने बहुतांशी भोट भाषेच्या अनुवादांतूनच शोधावी लागत. ही उणीव ज्यांच्या मनाला सतत टोचत राहिली, त्या राहुलजींचे स्मरण या अंकात आम्ही करीत आहोत.

९ एप्रिल १८९३ रोजी आझमगढ जिल्ह्यातील पंदहा या आजोळच्या गावी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव केदारनाथ पांडे. शालेय शिक्षण मिडलपर्यंतच झाले. पुढचे सारे त्यांनी भटकंतीत मिळविले. साधू झाले, आर्यसमाजी झाले, सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९२७ साली सिंहलद्वीपातील विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवावयास गेले आणि तेथे स्वतःच पालीचे विद्यार्थी बनले. पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवर दीर्घकाळ राहिलेले आपले भदन्त आनंद कौसल्यायन हे त्यांचे तेथील सहाध्यायी व जिवलग मित्र. त्रिपिटक अभ्यासल्यावर राहुलजींच्या ध्यानी आले, की उरलेला शोध तिबेटात जाऊनच घ्यावा लागेल.

मार्ग मात्र बंद होता. भारतीयांना तिबेटप्रवासाची अनुमती नव्हती. १९२९ च्या शिवरात्रीस यात्रेकरूंच्या गर्दीतून ते नेपाळात शिरले, काही काळ लपून राहिले आणि भिकाऱ्याच्या वेषात, सुमतिप्रज्ञ नावाच्या मंगोल भिक्षूच्या सोबतीने उत्तरेकडे निघाले. थोङ्ला ही खिंड सोळा-सतरा हजार फूट उंचीची. दोन्ही बाजूंना मैलोगणती गाव नाही. दरोडेखोर तेथे आधी प्रवाशाला ठार करीत आणि मग त्याच्याजवळ काही आहे का, ते पाहत. राहुलजींनी यावर साधा उपाय योजला होता. कोणी भयंकर दिसला, की टोपी काढून, जीभ दाखवून पैसा मागायचा! खिंड ओलांडल्यावर त्यांचे घोडे मंदावले, वाट चुकली, आणि लङ्कोरला पोहोचेतो पुढे गेलेले सुमती संतापून बसले होते. अर्थात त्यांचा राग लवकरच मावळला.

या सुमतींचे गावोगावी यजमान होते. बोधगयेच्या वस्त्राचे गंडे ते त्यांना वाटत. ते संपले की कोणत्याही कापडाचे गंडे बनवीत. डोळस श्रद्धेचा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजाला हे वाचून हसू येईल, वाईटही वाटेल. राहुलजींनी त्यांना दुखावले नाही. शेकर प्रदेशातील एका विहारात कंजूरच्या हस्तलिखित १०३ पोथ्या होत्या, एकेक पोथी पंधरा शेरांहून कमी नाही. सुमती यजमानांकडे गेले तरी राहुलजींची हरकत नव्हती. ते त्या पोथ्यांत बुडून गेले होते.

जुलैत ते ल्हासाला पोहोचले. सिंहलहून आलेल्या द्रव्यातून त्यांनी ग्रंथ व चित्रपट विकत घेतले, शांतरक्षितांनी उभारलेल्या साम्ये विहाराचे दर्शन घेतले आणि १९३० साली २२ खेचरांवर तो ठेवा लादून परतले. हा संग्रह पाटण्याच्या संग्रहालयात आहे. त्याच वर्षी सिंहलात प्रव्रज्या घेऊन ते राहुल झाले.

तरीही मूळ संस्कृत ताडपत्रे मिळाली नव्हती. म्हणून १९३४, १९३६ आणि १९३८ असे आणखी तीनदा ते त्या उंचीवर चढले. साक्य, ङोर, शलू या विहारांच्या कोठारांत, धुळीखाली, ती अखेर सापडली. विक्रमशिलेचे शाक्यश्रीभद्र यांच्यासारखे आचार्य तेराव्या शतकाच्या प्रारंभी तिकडे गेले होते. भारतात जे जळाले त्यातले काही तेथे शाबूत राहिले होते. पोथ्या विहारांच्या मालकीच्या, त्या आणता येत नसत. राहुलजी काही हाताने उतरवून घेत, काहींची छायाचित्रे घेत.

पुढे त्यांनी चीवर उतरविले, साम्यवाद स्वीकारला, संसारही केला. काही चरित्रकार हा भाग चटकन उरकतात. आम्हांस त्याची आवश्यकता वाटत नाही. बुद्धाविषयीचा त्यांचा आदर त्यानंतरही ढळला नाही.

अखेरच्या वर्षांत अनेक भाषा जाणणाऱ्या या पुरुषाची स्मृतीच हरपली. १४ एप्रिल १९६३ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, दार्जिलिंग येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांवरून वसुबंधूंचे अभिधर्मकोशभाष्य मूळ संस्कृतात पाटण्याहून छापले गेले, ते १९६७ साली.